लेकराची भूक वाढली, आता ताटात काय वाढावं?



आज आपण लेकराच्या जेवणाबद्दल बोलणार आहोत. विषय साधा आहे. पण याच विषयावरून घरोघर सकाळ-संध्याकाळ कटकट होते. सासू सुनेला बोलते. सून लेकराला बोलते. आणि लेकरू ताट सरकवून अंगणात पळतं.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या गावांत असं बोलायला बसतो, तेव्हा दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक माय म्हणते, "काही केल्या खात नाही वो. दोन घास घेतं अन् उठतं." दुसरी म्हणते, "आमचं तर दिवसभर खायला दे, खायला दे करतं. पण भाजी-भाकरी दिली की तोंड फिरवतं. त्याला पुडाच पाहिजे."

पहिल्या तक्रारीची सगळ्यांना काळजी वाटते. दुसरीकडे कोणी फार लक्ष देत नाही. 'खातंय ना काहीतरी, मग झालं,' असं म्हणून सोडून देतात. आमचं म्हणणं असं आहे, की या दुसऱ्या लेकराकडे नीट पाहा. त्याची भूक जागी झाली आहे. जमिनीला वाफसा आला की शेतकरी वाट बघत बसत नाही. घरातलं चांगलं बी काढून पेरतो. लेकराला वाढीची भूक लागली, म्हणजे त्याच्या अंगाला वाफसा आला. त्या वेळी पोटात काय पडतं, त्यावर त्याचं हाड, मांस आणि रक्त अवलंबून आहे.

भूक कमी का होते, मग वाढते का?

आधी हे समजून घेऊ.

पहिल्या वर्षात लेकरू झपाट्यानं वाढतं. जन्मताना तीन किलोचं असलं, तर वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास जातं. म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. पुढे शाळेत जाईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलो. वाढ मंदावली की भूकही मंदावते. माय घाबरते. पण यात पुष्कळदा घाबरण्यासारखं काही नसतं.

याच वयात आणखी एक गोष्ट होते. लेकरू नवीन पदार्थाला भितं. दोन ते सहा वर्षांच्या लेकरांत हा स्वभाव जोरात असतो. हिरवं काही दिसलं की 'नको'. वरणात जिऱ्याचा दाणा दिसला तरी 'नको'. हा नुसता हट्ट नव्हे. जगभरची लेकरं या वयात असंच करतात. वय वाढतं तसा हा स्वभाव हळूहळू कमी होतो.

मग कधीतरी भूक वाढते. तापातून उठल्यावर वाढते. उंची वाढू लागली की वाढते. अंगणवाडीत, शाळेत जाऊन दिवसभर हुंदडायला लागलं की वाढते. पण 'नको' म्हणायचा स्वभाव अजून गेलेला नसतो. म्हणजे भूक मोठी झाली, आणि खायच्या वस्तू मात्र तीन-चारच. दूध-भात, साखर-चपाती, चहा-बिस्किट आणि पुडा. खरी अडचण ही आहे.

त्या भुकेचं आपण काय करतो?

सोयाबीन काढायला आलेलं असतं. नाहीतर कापूस वेचायचा असतो. नाहीतर हळद काढून शिजवायची असते. माय पहाटे भाकरी थापून रानात जाते. लेकरू आजीपाशी राहतं. आजीचे गुडघे दुखतात, तिच्यानं लेकरामागे पळवत नाही. लेकरू रडतं. आजी पदराची गाठ सोडते आणि पाच रुपये देते. लेकरू दुकानातून पुडा आणतं. दोन तासांनी पुन्हा रडतं. मग चहा-बिस्किट होतं. दिवस मावळता माय थकून येते, चूल पेटवते, गरम भाकरी वाढते. लेकरू म्हणतं, "नको."

कसं खाईल? लेकराचं पोट लहान असतं. पुडा आणि चहा यांनी ते कधीच भरलेलं आहे.

यात आजीला दोष देऊ नका. मायलाही देऊ नका. दोघींनाही लेकराचं रडणं बघवत नाही. पण हिशेब तर करू या.

पुड्यात काय असतं? मैदा किंवा मक्याचं, तांदळाचं पीठ. तेल, मीठ, मसाला. बिस्किटात मैदा, साखर आणि तेल. त्यानं पोट भरतं, थोडा वेळ तरतरी येते. पण हाड-मांस वाढायला लागतं ते डाळीत, अंड्यात, दुधात आहे. रक्त वाढायला लागतं ते लोह डाळी-कडधान्यांत, पालेभाजीत, अंड्या-मटणात आहे. पुड्यात ते नावाला असतं. चहाचं तर उलटंच आहे. जेवणाबरोबर चहा घेतला, तर अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. म्हणून लहान लेकराला चहा देऊच नये. पालेभाजीवर लिंबू पिळलं, तर तेच लोह चांगलं अंगी लागतं.

आता पैशाचा हिशेब. पाच रुपयांचे दोन पुडे, दिवसाला दहा रुपये. महिन्याचे तीनशे. वर्षाचे तीन हजार सहाशेच्या वर. तेवढ्यात मुगाची डाळ किती येते, अंडी किती येतात, शेंगदाणे किती येतात, ते तुम्हीच आपल्या गावच्या भावानं मांडून बघा.

एका डॉक्टरीण बाईंची गोष्ट

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरीण बाई होत्या. त्या काळी तिथले डॉक्टर आयांना कागदावर लिहून देत, की लेकराला अमुक वाजता अमुक इतकंच खाऊ घाला. आया तसं कोंबू लागल्या आणि लेकरं तोंड मिटू लागली. डेव्हिस बाईंनी वेगळं करून पाहिलं. नुकतंच अंगावरचं तुटलेली पंधरा लेकरं त्यांनी सांभाळली. लेकरापुढे रोज वेगवेगळ्या वाट्या ठेवायच्या. धान्य, मांस, अंडी, दूध, फळं, भाज्या. जवळ बसलेल्या बाईनं 'हे खा' म्हणायचं नाही, 'ते नको' म्हणायचं नाही. लेकरू ज्या वाटीकडे हात करील, त्यातलं द्यायचं. १९२८ साली त्यांनी यावर पहिल्यांदा लिहिलं आणि १९३९ साली सगळा निकाल सांगितला.

निकाल काय निघाला? एखादं लेकरू एका दिवशी अंडीच खाई, दुसऱ्या दिवशी फळांवरच राही. पण सगळ्या दिवसांचा मेळ घातला, तर लेकरं चांगली वाढली, अंगानं भरली.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या वाट्यांत साखर नव्हती. मैद्याचे पदार्थ नव्हते. डब्यातलं काही नव्हतं. डेव्हिस बाईंनी स्वतःच सांगितलं, की सगळी खुबी वाट्यांत काय ठेवलं त्यातच होती. लेकरानं काहीही निवडलं तरी ते चांगलंच निघणार होतं.

आपल्यासाठी यातून एक सोपा नियम निघतो. काय, केव्हा आणि कुठं, हे मोठ्यांनी ठरवावं. किती, हे लेकरानं ठरवावं. पुढं सांगतो ते सगळं या नियमातच बसतं.

'काय' हे मोठ्यांनी ठरवावं

लेकरासाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. घरात शिजतं त्यातलंच द्या. पण तीन गोष्टी करा.

पहिली गोष्ट तिखटाची. आपल्याकडे कालवण झणझणीत असतं. पुष्कळ लेकरं भाजीला नाही, तिखटाला भितात. म्हणून तिखट टाकायच्या आधी लेकराची वाटी बाजूला काढा.

दुसरी गोष्ट, अन्न मऊ करा. कोरडी भाकरी लहान दातांना चावत नाही. भाकरी वरणात, दुधात किंवा ताकात कुस्करा. वरणफळं करा. मुगाच्या डाळीची खिचडी करा. मेथी, पालक किंवा शेवग्याचा पाला बारीक चिरून धपाट्यात घाला. धपाटं हातात धरून खाता येतं, म्हणून लेकराला आवडतं.

तिसरी गोष्ट, थोड्या घासात जास्त बळ घाला. पोट लहान आहे, भूक मोठी आहे. मग पातळ वरणाच्या पाण्यानं काय होणार? वरण घट्ट करा. वर चमचाभर तेल किंवा तूप घाला. शेंगदाण्याचं कूट घाला. अंडं उकडून कुस्करा. मधल्या वेळी कूट आणि गुळाचा लाडू, पेरूची फोड, केळं, पपई, काय मिळेल ते द्या.

पण एक काळजी घ्या. पाच वर्षांखालच्या लेकराच्या हातात अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. ते घशात, श्वासाच्या नळीत अडकतात. कूट करूनच द्या. फळाच्या बिया काढून द्या.

'केव्हा' हेही मोठ्यांनी ठरवावं

दिवसभर तोंड चालू राहिलं, तर जेवणाच्या वेळी भूक नसते. म्हणून वेळा बांधा. सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, चार वाजता मधलं खाणं, दिवेलागणीनंतर जेवण. भूक वाढलेल्या लेकराला सकाळी दहाच्या सुमारास आणखी एक खाणं द्या. मधल्या वेळात फक्त पाणी.

"पण मधेच रडलं तर?" असं बाया विचारतात. रागावू नका. "आता थोड्या वेळात जेवायचंच आहे, बाळा," एवढं सांगा आणि त्याला खेळात गुंतवा. पहिले तीन-चार दिवस जड जातील. मग लेकरालाच कळतं, की आपल्याला वेळेवर मिळतं. ज्याला मिळण्याची खात्री असते, ते मागं लागत नाही.

रानात जाताना आजीपाशी दोन डबे झाकून ठेवा. एक दहाचा, एक चारचा. शिजवलेलं ताजं राहणार नसेल, तर लाडू, धपाटं, केळं ठेवा. मग आजीला पदराची गाठ सोडायची वेळ येत नाही.

दूध चांगलं आहे. पण दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पाजलं, तर त्याच्यावरच पोट भरतं आणि भाकरी मागे पडते. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षं आणि त्यापुढंही चालू ठेवायला हरकत नाही.

'किती' हे लेकरानं ठरवावं

आपल्या नरसीच्या संत नामदेवांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी ते विठ्ठलापुढं नैवेद्य घेऊन बसले आणि 'देवा, जेव' म्हणून हटून बसले. देवानं तो हट्ट मानला आणि देव जेवला, असं सांगतात. पण लेकरासमोर हा हट्ट चालत नाही. देवाला जितका आग्रह करावा, तितका तो पावतो. लेकराला जितका आग्रह करावा, तितकं ते दूर जातं.

हात धरून, नाक दाबून घास कोंबला, तर लेकराला जेवणाचीच धास्ती बसते. बागुलबुवाची भीती घालू नका. मोबाइल दाखवूनही भरवू नका. पडद्याकडे बघणाऱ्या लेकराला आपण काय खाल्लं हे कळत नाही, आणि पोट भरलं हेही कळत नाही.

आणि लाच देऊ नका. 'भाजी खाल्लीस तर बिस्किट देईन,' असं आपण म्हणतो. त्यातून लेकरू काय शिकतं? भाजी म्हणजे शिक्षा आणि बिस्किट म्हणजे बक्षीस.

मग नवीन पदार्थ खायला कसा शिकवायचा? ताटात दोन ओळखीच्या वस्तू वाढा. कडेला बोराएवढी नवी भाजी ठेवा. काही बोलू नका. आपण तीच भाजी आवडीनं खा. पहिल्या दिवशी लेकरू बघेल. चौथ्या दिवशी बोट लावील. कधी तोंडात घालून थुंकेल. थुंकलं तरी चव कळली. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चव घेतल्यावर पुष्कळ लेकरं तो पदार्थ खाऊ लागतात. आपण मात्र दोनदा वाढतो आणि 'याला आवडत नाही' म्हणून सोडून देतो.

लेकराला कामातही घ्या. मेथी निवडायला बसवा. शेंगा सोलायला द्या. स्वतः निवडलेली भाजी लेकरू कौतुकानं चाखतं.

लेकरानं दुसऱ्यांदा मागितलं तर वाढा. 'पुरे' म्हणालं तर ताट उचला. वाढीच्या दिवसांत एखादं लेकरू आज दीड भाकरी खाईल आणि उद्या अर्धी. एका दिवसाकडे पाहू नका, आठ दिवसांकडे पाहा.

लेकीच्या ताटाबद्दल

आता थोडं कडू बोलतो. मुलगा दुसऱ्यांदा मागतो तेव्हा आपण म्हणतो, "वाढतं वय आहे, खाऊ दे." मुलगी मागते तेव्हा एखाद्या घरात ऐकू येतं, "किती खाती गं, खादाड!" दोघांचं वय तेच. भूक तीच. मग बोलणं वेगळं का?

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्या साली जन्मलेल्या मुली आज आया झाल्या आहेत. त्यांच्यापैकी जिला लहानपणी शेवटी आणि उरलेलं मिळालं, तिचं रक्त कमी राहिलं. तिच्या पोटचं लेकरू कमी वजनाचं जन्मण्याची भीती जास्त. लेकीच्या ताटातला घास असा दोन पिढ्यांना पुरतो, आणि काढून घेतला तर दोन पिढ्यांना नडतो.

दादांनो, इथं तुमचंही काम आहे. दिवसातलं एक जेवण लेकरांना घेऊन बसा. बापानं पातरीची, घोळीची भाजी मिटक्या मारत खाल्ली, तर ते पाहून लेकरू जे शिकतं, ते सांगून शिकत नाही.

घरातच कमी असेल तर?

काही घरांत अडचण लेकराच्या नखऱ्याची नसते. डब्यातच काही नसतं. तिथं आम्ही उपदेश करणार नाही. तिथं हक्काची गोष्ट सांगतो. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची बालविकास योजना सुरू आहे. आपली अंगणवाडी त्याच योजनेतली. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना तिथं गरम जेवण मिळतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो. तो लेकराचाच आहे, तो घरात इतरांत वाटून संपवू नका. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला बाहेर जाल, तर लेकराचं कार्ड बरोबर घ्या आणि जिथं उतराल तिथल्या अंगणवाडीत नाव सांगा.

दवाखान्यात केव्हा जावं?

लेकरू हसतंय, खेळतंय, वजन वाढतंय, तर थोडं निवडून खाल्लं तरी भिऊ नका. पण पुढची लक्षणं दिसली तर थांबू नका. दर महिन्याच्या वजनात वाढ नाही किंवा वजन उतरतंय. पायावर सूज आहे. डोळ्यांच्या आत, ओठांवर फिकेपणा आहे. लेकरू माती किंवा भिंतीचा चुना खातं. खूप खातं, खूप पाणी पितं आणि तरी वाळत चाललंय. घास गिळताना ठसका लागतो.

अंगणवाडीताई दंडाला पट्टी लावून बघतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते फार धोक्यात आहे. साडेअकरा ते साडेबाराच्या मधे असेल, तरी सावध व्हा. जंताची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत देतात, ती चुकवू नका. तापातून, जुलाबातून लेकरू उठलं, की पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. त्या वेळी भूक जोरात येते. तोच वाफसा.

मंडळी, बोलणं पुष्कळ झालं. आता करायचं काम थोडकं आहे. आठ दिवस एवढंच करून पाहा. जेवणाच्या वेळा बांधा. पुड्याचे पैसे एका डब्यात टाका. रोज ताटाच्या कडेला बोराएवढी भाजी ठेवा आणि गप्प बसा. आठव्या दिवशी डबा उघडा, पैसे मोजा आणि त्या पैशांची डाळ-अंडी लेकराला बरोबर नेऊन आणा.

आज तुम्ही हे पान स्वतः वाचलंत. शेजारणीला अजून वाचता येत नसेल, तर तिला वाचून दाखवा. तिच्याही दारात एखादं लेकरू 'माय, खायला दे' म्हणत उभं असेल.